दोन लिटर म्हणजे नेमकं किती? घरच्या ऑक्सिजनबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही घरी ऑक्सिजन लावलेल्या पेशंटच्या घरच्यांकडून प्रश्न मागवले होते, आणि पत्रं, मेल, व्हॉट्सअ‍ॅप मिळून इतके आले की निवडताना जीव कासावीस झाला, कारण प्रत्येक प्रश्नामागे कोणाचातरी बाप नाहीतर आई धापा टाकत बसलेली आहे. बहुतेक प्रश्न फिरून एकाच जागी येतात, मीटरवर आकडा किती ठेवायचा. मी भूलतज्ज्ञ आहे, तीस वर्षं लोकांचा श्वास बघणं हेच काम केलंय, त्यामुळे सगळ्या उत्तरांत माझं एकच म्हणणं तुम्हाला परत परत सापडेल: ऑक्सिजन हे औषध आहे आणि मीटरवरचा लिटर, म्हणजे दर मिनिटाला किती लिटर सोडायचा तो आकडा, हा त्याचा डोस आहे. बीपीची गोळी आपण मनाने दोनाच्या पाच करत नाही, मग हे बटण का फिरवतो?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, माझे सासरे ७१ वर्षांचे आहेत, पूर्वी खूप विड्या ओढायचे, आता सीओपीडी (श्वासनळ्या आकसण्याचा जुनाट आजार) आहे आणि चार महिने झाले घरी कॉन्सन्ट्रेटर (खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं मशीन) आहे. छातीच्या डॉक्टरांनी कागदावर २ लिटर आणि सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचे टक्के) ८८ ते ९२ असं लिहून दिलंय. पण आमच्या वन्सं आल्या की त्यांना ९० बघून धडकीच भरते, त्या ४-५ वर करून ठेवतात, मग ९८ येतं आणि सगळे खूश. गेल्या आठवड्यापासून मामंजी सकाळी उठले की डोकं दुखतंय म्हणतात, दिवसभर पेंगतात, परवा मला माझ्या जावेच्या नावाने हाक मारली. वन्सं म्हणतात थकवा आहे, अजून वाढव. काय करू? (एक सून, कराड)

उत्तर : ताई, आधी काय करायचं ते सांगते, कारण बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल. मीटर दर काही मिनिटांनी एकेक लिटर कमी करत परत २ वर आणा, बोटाला ऑक्सिमीटर लावलेला ठेवा, आणि आजच्या आज त्यांना हॉस्पिटलला न्या, पेंग इतकी असेल की हाक मारून नीट जागे होत नाहीत तर १०८ बोलवा. कमी करताना ८८ च्या खाली जायला लागलं तर ८८ च्या थोडं वर राहील इतकंच ठेवा. तिथे मनगटाच्या धमनीतून रक्त घेऊन एबीजी करतील, त्यात कार्बन डायऑक्साइड किती साठलाय ते कळतं. सकाळचं डोकं दुखणं, पेंग, नावं चुकणं, हात समोर ताठ धरायला सांगितले की पंजे फडफडणं, ही सगळी तो साठल्याची लक्षणं आहेत. आणि हे वाचून घाबरून ऑक्सिजन पूर्ण काढून टाकू नका, तेही तेवढंच वाईट, साठलेला कार्बन डायऑक्साइड लगेच निघून जात नाही पण ऑक्सिजन मात्र मिनिटांत कोसळतो, कधीकधी सुरुवातीला होता त्याच्याही खाली.

आता वन्संना समजावायला लागेल म्हणून कारण सांगते. सीओपीडीच्या फुप्फुसात काही भागात हवा जातच नाही म्हणा, श्वासनळ्या आकसलेल्या आणि कफाने भरलेल्या असतात. शरीर हुशार आहे, ते अशा भागाकडे जाणारं रक्तही आवळून कमी करतं आणि चांगल्या भागाकडे वळवतं. आपण ऑक्सिजन भरमसाट दिला की तो आवळ सुटतो, रक्त परत त्या बिघडलेल्या भागात फिरायला लागतं आणि तिथून कार्बन डायऑक्साइड बाहेर न टाकताच परत येतं. शिवाय रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनने गच्च भरलं की कार्बन डायऑक्साइड वाहून न्यायची त्याची ताकद कमी होते. आणि काही पेशंटमध्ये श्वास घ्यायची मेंदूची ढकलही थोडी मंदावते. पूर्वी आम्हाला फक्त हे शेवटचंच कारण शिकवायचे, पण खरं तर पहिली दोन जास्त मोठी आहेत.

त्यामुळे मामंजींसाठी ९० हा कमी आकडा नाही, तो त्यांचा बरोबर आकडा आहे. निरोगी फुप्फुसाच्या माणसाला न्यूमोनिया झाला तर आम्ही ९४ ते ९८ बघतो, त्यांच्यासारख्यांना ८८ ते ९२. हे मी मनाने सांगत नाहीये. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात अ‍ॅम्ब्युलन्समध्येच एक अभ्यास झाला, २०१० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला, दम लागलेल्या ४०५ पेशंटपैकी काहींना नेहमीसारखा जोरात ऑक्सिजन दिला आणि काहींना मोजून, ८८ ते ९२ राहील इतकाच. जोरात दिलेल्यांमध्ये ९ टक्के दगावले, मोजून दिलेल्यांमध्ये ४ टक्के. मोजून देण्यात कंजुषी नाही हे वन्संना हे आकडे दाखवून सांगा. त्यांचंही चुकत नाही हो, बापाच्या बोटावर ९० बघून कुठल्या मुलीचा जीव राहील.

हॉस्पिटलमध्ये कदाचित त्यांना रंगीत तोटीचा मास्क लावतील, तो व्हेंच्युरी मास्क. हा मला फार आवडणारा शोध आहे म्हणून दोन ओळी जास्त लिहिते. नाकातल्या नळीतून २ लिटर सोडले तरी पेशंटला नेमके किती टक्के मिळतात ते पक्कं सांगता येत नाही, कारण श्वास ओढताना माणूस साधारण मिनिटाला ३० लिटरच्या वेगाने हवा ओढतो, त्यातले २ लिटर आपले आणि बाकी सगळी खोलीतली हवा. जोरात धाप लागली की तो वेग अजून वाढतो, म्हणजे मीटर तेच पण टक्के कमी. पुस्तकात १ लिटरला २४, २ लिटरला २८, ३ ला ३२ टक्के असं लिहिलेलं असतं ते शांत श्वास घेणाऱ्या माणसासाठी आणि तेही अंदाजे. १९६० मध्ये कॅम्पबेल नावाच्या डॉक्टरने या सीओपीडीवाल्यांसाठीच युक्ती काढली, ऑक्सिजन बारीक छिद्रातून जोरात सोडायचा आणि तो बाजूच्या खिडक्यांमधून ठरलेल्या प्रमाणात हवा स्वतःच ओढून घेतो. निळी तोटी, २ लिटर, ऑक्सिजनच्या एका भागाला हवेचे २५ भाग, म्हणजे चेहऱ्यावर मिनिटाला ५२ लिटरचा झोत आणि त्यात पक्के २४ टक्के. पांढरी तोटी, ४ लिटर, एकास दहा, २८ टक्के. झोतच इतका मोठा की पेशंटला बाहेरची हवा ओढायची गरज पडत नाही. आणि घरातल्या कोणी मीटर वाढवलं तरी टक्के तेच राहतात, फक्त वारा वाढतो. पांघरूण त्या खिडक्यांवर येऊ देऊ नका एवढं मात्र बघा, खिडकी बंद झाली की हिशोब बिघडला.

घरी आल्यावर मीटरच्या बाजूला पांढऱ्या चिकटपट्टीवर मोठ्या अक्षरात "२ लिटर, ८८ ते ९२" असं लिहून चिकटवा. आलेल्या प्रत्येक पाहुण्याला दिसलं पाहिजे.

प्रश्न : बाबांना ऑक्सिजनची सवय लागेल म्हणून शेजारचे काका सांगतात, आम्ही दिवसातून दोनदा तासतास लावतो. बरोबर आहे का? (वाचक, अहमदपूर)

उत्तर : सवय लागत नाही. दारूची लागते, झोपेच्या गोळीची लागते, ऑक्सिजनची लागत नाही. ज्यांचं सॅच्युरेशन बसल्या जागीही कायम कमी असतं आणि डॉक्टरांनी एबीजी करून कायमचा ऑक्सिजन लिहून दिलाय, त्यांना तो दिवसाचे निदान १५ तास लागतो, झोपेतले तास धरून. १९८१ मध्ये ब्रिटनमधला एक अभ्यास आला, त्यात १५ तास लावणारे न लावणाऱ्यांपेक्षा जास्त जगले. तासतास लावून हृदयावरचा ताण उतरत नाही. तुमच्या कागदावर किती तास लिहिलेत ते बघा, लिहिलेच नसतील तर जाऊन विचारा, हा प्रश्न विचारायला लाजायचं काही कारण नाही.

प्रश्न : घरच्या मशीनवर आई २ लिटरवर आहे. गावाला न्यायला आम्ही खांद्याला अडकवायचं छोटं मशीन घेतलं, त्यावर पण २ ठेवलं, पण जिना चढताना ८३ आलं. मशीन फॉल्टी आहे का? दुकानदार म्हणतो बरोबर चाललंय. (मुलगा, जळगाव)

उत्तर : तुमचं ८३ ही खरं आणि दुकानदारही बरोबर, गोंधळ त्या २ च्या आकड्याने घातलाय. तुमच्या मोठ्या मशीनवरचा २ म्हणजे दर मिनिटाला २ लिटर, सतत, पेशंट श्वास घेत असो की सोडत असो. छोट्या मशीनवरचा २ हे फक्त सेटिंगचं नाव आहे, पंख्याच्या रेग्युलेटरवर असतं तसं, त्याला लिटर नाहीत.

गंमत अशी आहे की सतत सोडलेल्या २ लिटरमधले बरेचसे वायाच जातात. हिशोब करून बघा. २ लिटर म्हणजे सेकंदाला साधारण ३३ मिलिलिटर. माणूस मिनिटाला २० श्वास घेत असेल तर एक श्वास ३ सेकंदांचा, त्यात आत ओढायला एक सेकंद आणि सोडायला, थांबायला दोन. म्हणजे शंभरातले ३३ आत गेले आणि बाकीचे खोलीत. मग कोणीतरी विचार केला की पेशंट ओढेल तेव्हाच द्यावं. ही मशिन्स नाकातल्या हलक्या ओढीवरून श्वास सुरू झाला हे ओळखतात आणि त्याच क्षणी एक छोटा फवारा सोडतात, श्वासाच्या अगदी सुरुवातीला, कारण शेवटी ओढलेली हवा घसा आणि मोठ्या नळ्यांतच राहते, फुप्फुसाच्या कामाची नसते. म्हणूनच एवढंसं, बॅटरीवरचं मशीन चालू शकतं, बरीच छोटी मशिन्स मिनिटाला एक लिटरच्या आसपासच ऑक्सिजन बनवतात.

पण फवारा किती मोठा हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. त्यात काही मशिन्स प्रत्येक श्वासाला तेवढाच फवारा देतात, आणि काही मिनिटाचा एकूण ऑक्सिजन ठरलेला ठेवतात, म्हणजे आई जिना चढताना २० ऐवजी ३० श्वास घ्यायला लागली की प्रत्येक फवारा लहान होतो, नेमकी जास्त गरज असताना. तुमचं हेच झालं असेल. उपाय असा की आईला ते मशीन लावून डॉक्टरांसमोर सहा मिनिटं चालवायचं, बोटाला ऑक्सिमीटर, आणि चालताना कुठल्या सेटिंगवर आकडा टिकतो ते बघून लिहून घ्यायचं, बसलेलं वेगळं आणि चालतानाचं वेगळं. कधीकधी कुठल्याच सेटिंगवर टिकत नाही, मग ते मशीन त्या पेशंटसाठी नाही, कितीही महाग असलं तरी. आणि डॉक्टरांनी तपासून सांगितल्याशिवाय झोपताना ते लावू नका, झोपेत श्वास उथळ होतो, तोंड उघडं पडतं, मशीनला नाकातली ओढ कळलीच नाही तर फवारा येत नाही. रात्री घरचं मोठं मशीनच बरं.

प्रश्न : मीटरमधला बॉल आकड्याच्या वर ठेवायचा, खाली की मध्ये? दोन नर्सनी दोन उत्तरं दिली. (आजोबा, दापोली)

उत्तर : बॉल असेल तर बॉलचा मध्य रेषेवर. बॉलऐवजी भोवऱ्यासारखी किंवा सपाट डोक्याची गोटी असेल तर तिचं वरचं टोक रेषेवर, दोघी नर्सनी बहुतेक वेगवेगळी मीटरं वापरलेली असणार. डोळे बॉलच्या सरळ रेषेत आणा, वरून वाकून बघितलं की अर्धा लिटर इकडेतिकडे होतो. आणि मीटर उभं सरळ हवं, ती काचेची नळी खाली अरुंद आणि वर रुंद असते, खालून येणारा गॅस बॉलला वर उचलतो आणि जिथे बॉलच्या कडेने सगळा गॅस निसटू शकतो तिथे तो तरंगत थांबतो, नळी तिरकी झाली तर बॉल भिंतीला घासतो आणि खोटं सांगतो. ऑपरेशन थिएटरमधल्या भूल द्यायच्या जुन्या बॉइल्स मशीनवर अशाच नळ्यांची रांग असायची, त्यातल्या ऑक्सिजनचं बटण इतरांपेक्षा मोठं, पुढे आलेलं आणि कंगोरे असलेलं, म्हणजे अंधारात हाताला नुसतं लागलं तरी कळावं. मी शिकत होते तेव्हा आमच्या मॅडम डोळे मिटून ते बटण शोधायला लावायच्या. अजून हाताला आठवतं.

प्रश्न : आमच्याकडे लाईट फार जाते. कॉन्सन्ट्रेटर आहे, बॅकअपला छोटा सिलिंडर आणलाय, काळा, पांढऱ्या डोक्याचा. तो किती तास पुरेल? आणि त्याच्या डायलवर १, २, ३ असे आकडे आहेत, आम्हाला दीड हवंय तर मध्ये ठेवलं तर चालेल ना? (शिक्षिका, चिखली)

उत्तर : दुसऱ्याचं आधी. नाही चालणार! अजिबात नाही. ज्या डायलला फिरवताना टक टक आवाज येतो त्याच्या आत एक चकती असते, तिला प्रत्येक आकड्यासाठी वेगळं भोक, आकडा बरोबर समोर आला की ते भोक वाटेत येतं. मध्ये ठेवलं की समोर नुसता पत्रा, अशा बऱ्याच डायलमधून मग काहीच येत नाही, आणि काटा मात्र सिलिंडर भरलेला दाखवत राहतो. टक आवाज येईपर्यंत फिरवा आणि नळीची टोकं ग्लासभर पाण्यात बुडवून बुडबुडे बघा, आकड्यापेक्षा बुडबुड्यांवर विश्वास ठेवा. दीडच लागत असेल तर बॉलवालं मीटर लावून घ्या.

आता तास. घरी येतो तो बहुतेक बी टाईप असतो, त्यात पाणी भरलं तर १० लिटर मावेल. भरलेल्या सिलिंडरचा काटा १५० च्या आसपास असतो, म्हणजे दहा गुणिले दीडशे, १५०० लिटर ऑक्सिजन. २ लिटरवर ७५० मिनिटं, साडेबारा तास. पण तळापर्यंत जायचं नाही, शेवटचा दहावा हिस्सा सोडून द्या, म्हणजे अकरा तास धरा. काटा ६० वर आला की ६०० लिटर उरले, २ लिटरवर पाच तास कागदावर आणि साडेचार प्रत्यक्षात. काटा गुणिले दहा भागिले लिटर म्हणजे उरलेली मिनिटं, एवढं सिलिंडरवर लिहून ठेवा, रात्री दोनला लाईट गेल्यावर डोकं चालत नाही. मोठा जो हॉस्पिटलात चाकाच्या गाडीवरून नेतात तो डी टाईप, त्यात साधारण ७००० लिटर.

सिलिंडर आडवा पडू देऊ नका, साखळीने किंवा जाड दोरीने भिंतीला बांधा. पान्याने हळूहळू उघडा, एकदम नाही. इन्व्हर्टरबद्दलही विचारलंय तुम्ही, ५ लिटरचं मशीन साधारण ३५० वॅट खातं, १६ तासांचे साडेपाच युनिट होतात, इन्व्हर्टर घेताना त्या माणसाला हा आकडा सांगा, नुसतं "ऑक्सिजनचं मशीन" म्हणू नका.

प्रश्न : मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वॉर्डमध्ये एका पेशंटला साधा मास्क लावून २ लिटर चालू होतं, मी विचारलं तर सिनिअर म्हणाली ऑक्सिजन वाचवायचा असतो. मला ते खटकलं, पण बोलले नाही. (नाव नको, सोलापूर)

उत्तर : तुला खटकलं ते बरोबर खटकलं. साध्या मास्कच्या आत सोडलेला श्वास साचतो, तो धुऊन बाहेर काढायला मिनिटाला निदान ५ लिटर लागतात. २ लिटरवर पेशंट स्वतःचीच सोडलेली हवा परत ओढत राहतो. २ लिटर पुरत असतील तर मास्क काढून नाकात नळी घाल, झालं, ऑक्सिजनही वाचला आणि पेशंटला बोलता जेवताही येईल. आणि पिशवीवाला मास्क असेल तर १० ते १५ लिटर, श्वास ओढल्यावर पिशवी पूर्ण चपटी होता कामा नये, चपटी होत असेल तर फ्लो कमी पडतोय. परत असं दिसलं तर सिनिअरला हळूच विचार, "सिस्टर, प्रॉन्ग्ज लावू का?" एवढंच. भांडणही होत नाही आणि कामही होतं.

वाचवायचं म्हणशील तर ते आम्ही कोविडच्या लाटेत, २०२१ च्या एप्रिलमध्ये शिकलो, फार मोठी किंमत देऊन. २१ एप्रिलला नाशिकच्या डॉ. झाकिर हुसेन हॉस्पिटलमध्ये टाकीतून गळती झाली, लाईनचा दाब पडला आणि एका दिवसात २२ माणसं गेली. मीटर उघडं होतं, मास्क लावलेले होते, मागे दाबच नव्हता. मी त्या दिवशी दुसऱ्या शहरात ड्युटीवर होते, बातमी आली तेव्हा वॉर्डमध्ये कोणी कोणाशी बोललं नाही, सगळे नुसते भिंतीवरच्या प्रेशर गेजकडे बघत होते. त्याच काळात नंदुरबारने ऑक्सिजन नर्स नेमल्या होत्या, साधारण ५० पेशंटमागे एक, तिचं काम एवढंच की बेडबेडवर जाऊन बोटावरचा आकडा बघायचा आणि ९८-९९ असलेल्याचा फ्लो कमी करायचा, जेवताना, बाथरूमला जाताना काढून ठेवलेला मास्क चालू राहिला असेल तर बंद करायचा. ते बघून मग राज्यभर हे करा असं सांगितलं गेलं. खरं वाचवणं ते. हाय फ्लो नेझल कॅन्युला, म्हणजे नाकातून जोरात ऑक्सिजन देणारं मशीन, मिनिटाला ६० लिटरपर्यंत जातं, शंभर टक्क्यांवर ठेवलं तर मोठा डी टाईप सिलिंडर दोन तासही पुरत नाही, तिथे एका पेशंटचा फ्लो वेळेवर उतरवला तर नाकातल्या नळीवाल्या कितीतरी जणांचं भागतं. तू तीच नर्स हो.

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये लेस्टरला असते, सातवा महिना आहे. इथे डिलिव्हरीत गॅस अँड एअर देतात म्हणे, आई पुण्याहून रोज फोनवर सांगते की गॅस घेऊ नकोस, बाळ गुदमरेल, तू बेशुद्ध होशील. खरंच काही रिस्क आहे का? (वाचक, लेस्टर)

उत्तर : आईंना माझा नमस्कार सांग आणि सांग की नाव फसवं आहे. त्यात एअर नाहीच, अर्धा ऑक्सिजन आणि अर्धा नायट्रस ऑक्साइड हा कळा सुसह्य करणारा गॅस असतो, म्हणजे तू एरवी २१ टक्के ऑक्सिजन घेतेस आणि तिथे ५० टक्के घेशील, बाळ गुदमरायचा प्रश्न येत नाही. दोन्ही गॅस एकाच सिलिंडरमध्ये मिसळून द्यायची पद्धत टन्स्टॉल नावाच्या इंग्लंडमधल्या डॉक्टरने १९६१ मध्ये आणली, आपल्याकडे ते सरसकट दिसत नाही म्हणून आईंना ओळखीचं नाही.

बेशुद्ध का होत नाही ते मात्र ऐकण्यासारखं आहे. तो गॅस सतत वाहत नाही, तोंडातली नळी तू ओढशील तेव्हाच झडप उघडते, सोडलंस की बंद. नळी तू स्वतः धरायची, नवऱ्याने नाही, मिडवाइफने नाही. जास्त गुंगी आली तर हात आपोआप खाली पडतो, नळी सुटते, दोनचार श्वासांत गॅस फुप्फुसातून निघून जायला लागतो आणि तू जागी. डोस पेशंटच्याच हातात देऊन तो सुरक्षित करणं, मला तर हे फार सुंदर वाटतं. कळ पूर्ण चढल्यावर ओढून उपयोग नाही, असर यायला पाऊण मिनिटभर लागतं, कळ येतेय असं वाटताक्षणी सुरू कर, सावकाश खोल श्वास. चक्कर, मळमळ, तोंड कोरडं पडणं हे होतं, नको वाटलं तर सोडून दे. हा गॅस शरीरातल्या बी १२ जीवनसत्त्वाचं काम बिघडवतो, म्हणून ते कमी असल्याचं कधी सांगितलं असेल तर मिडवाइफच्या कानावर घाल, शाकाहारी असलीस तर नक्कीच.

प्रश्न : ऑक्सिजन चालू असताना देवापुढे निरांजन लावलं तर चालतं का? आणि नळीने नाक कोरडं पडतं म्हणून आजी खोबरेल तेल लावते. (वाचक, वाई)

उत्तर : दोन्ही थांबवा. ऑक्सिजन स्वतः जळत नाही पण जळणाऱ्याला भडकवतो, पदर, उशी, केस सगळ्यात तो मुरतो. निरांजन, अगरबत्ती, गॅसची शेगडी यांच्यापासून निदान दहा फूट लांब, आणि आजीला स्वयंपाकघरात नळी लावून बसवू नका. बिडी-सिगारेट तर त्या खोलीत कोणीच नाही. तेल, व्हॅसलिन नाकाला नको, मेडिकलमध्ये पाण्याचा बेस असलेलं जेल मागा. सिलिंडरच्या मीटरला, आट्यांना तेलाचा हात कधीच लावू नका, तिथला दाब खूप असतो आणि तेल आपोआप पेट घेऊ शकतं. नाक कोरडं पडत असेल तर बुडबुड्यांच्या बाटलीत उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्ड पाणी खुणेपर्यंत, रोज बदलून.

प्रश्न : माझ्या आईला फुप्फुसाचा कॅन्सर आहे, आता उपचार थांबवलेत, घरी आणलंय. तिला खूप दम लागतो, पण सॅच्युरेशन ९६-९७ असतं. मी भाड्याने मशीन आणलं, २ लिटरने काही फरक नाही, ५ केलं तरी नाही. डॉक्टर म्हणतात ऑक्सिजनची गरज नाही. मला हे पटत नाही, ती माझ्यासमोर तडफडते. (मुलगी, चिपळूण)

उत्तर : बाळा, तिचा दम खरा आहे, आणि डॉक्टरांचं म्हणणंही खरं आहे. दम लागणं आणि ऑक्सिजन कमी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रक्तात भरपूर ऑक्सिजन असतानाही छातीचे स्नायू थकलेले असतात, फुप्फुस ताठ झालेलं असतं, भीती असते, आणि मेंदूला कळतं ते एकच, हवा पुरत नाहीये. २०१० मध्ये एक अभ्यास आला होता, अशाच २३९ पेशंटना, ज्यांचा ऑक्सिजन फार कमी नव्हता, काहींना नळीतून ऑक्सिजन दिला आणि काहींना तशाच मशीनमधून साधी हवा, कोणाला काय मिळतंय ते कोणालाच माहीत नव्हतं. दोन्हीकडे थोडं बरं वाटलं, सारखंच. तेव्हा ५ चे १० करून तिचं नाक सोलवटू नकोस, मशीनचं भाडंही वाचव.

काय करायचं ते सांगते. डॉक्टरांना कमी डोसच्या मॉर्फिनबद्दल स्पष्ट विचार, दमासाठी ते देतात, त्याला घाबरू नकोस, डोस तेच ठरवतील आणि बद्धकोष्ठाचं औषध सोबत लिहून देतील. तिला आडवं झोपवू नकोस, पुढे टेबल आणि त्यावर दोन उशा ठेवून हात टेकून वाकून बसू दे. खिडकी उघड. आणि बाजारातून हातात धरायचा छोटा चार्जिंगचा पंखा आण, चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर, वारा गालांवर आणि ओठांवर यायला हवा, तिथल्या नसा गार वाऱ्याने मेंदूला सांगतात की हवा मिळतेय आणि दम खरोखर उतरतो, हे तपासून बघितलेलं आहे. दम लागला की पाच मिनिटं तरी चालू ठेवायचा. रात्री उशीजवळच ठेव, आणि बटण तिच्या बोटाला लागेल असा.